वाढत्या वयात स्नायूपेशीच्या आतल्या चरबीचं नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे: साठी ओलांडलेल्या माणसाच्या मांडीच्या एमआरआय अहवालात ‘स्नायूत चरबी शिरली आहे’ असं लिहून आलं. स्नायूपेशीच्या आत साठते म्हणतात ती चरबी हीच का? ती वयामुळेच वाढते का? आणि व्यायाम करून ती कमी करायची का?

आधी थोडक्यात उत्तर देतो. अहवालातली ती चरबी बहुतेक वेळा पेशीच्या आतली नसतेच. पेशीच्या आतली चरबी वयाबरोबर सरासरीने वाढते हे खरं, पण त्या वाढीतला मोठा वाटा बैठेपणाचा आणि शरीरावर चढलेल्या एकूण मेदाचा असतो. व्यायामाने ती कमी होईलच असंही नाही. कित्येकदा उलट वाढते, आणि तरीही इन्शुलिनचं (रक्तातली साखर पेशींत पोहोचवणाऱ्या संप्रेरकाचं) काम सुधारतं. हे शेवटचं सहसा पटत नाही, म्हणून जरा मुळापासून पाहू.

स्नायूतली चरबी तीन जागी असते. स्नायूंच्या आणि त्यांच्या जुड्यांच्या मधल्या फटीत असते ती एक. एमआरआयवर पांढरे पट्टे दिसतात ते हिचे. दुसरी जुडीच्या आत, तंतू आणि तंतू (तंतू म्हणजेच लांबट स्नायूपेशी) यांच्या मधे. या दोन्ही ठिकाणी खऱ्याखुऱ्या मेदपेशी असतात, स्नायूत वस्ती करून राहिलेल्या. तिसरी स्नायुतंतूच्याच पोटात, बारीक थेंबांच्या रूपात. अहवालात गुटालिए श्रेणी दिली असेल (शून्य ते चार, दोन म्हणजे चरबी आहे पण स्नायूपेक्षा कमी, तीन म्हणजे निम्मं-निम्मं, चार म्हणजे चरबीच जास्त), तर ती पहिल्या दोन प्रकारांबद्दल बोलते. तिसऱ्याबद्दल साधा एमआरआय काहीही सांगू शकत नाही. पहिल्या दोन प्रकारांची चरबी वयाबरोबर नक्की वाढते, वजन स्थिर असलं तरी वाढते, आणि कमी झालेल्या ताकदीशी तिचा संबंध जास्त सरळ आहे. पण प्रश्न तिसरीचा आहे.

तंतूच्या आतला हा थेंब म्हणजे मधे ट्रायग्लिसराइड (साठवणीची चरबी), भोवती फॉस्फोलिपिडचा एकपदरी पापुद्रा आणि त्यावर प्रथिनांचं अस्तर. व्यास साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर, कधी दीडपर्यंत. तंतूच्या एकूण आकारमानात या थेंबांचा वाटा बहुधा एक टक्क्याच्या आसपास असतो. संथ आकुंचनाच्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या तंतूंत तो दुसऱ्या प्रकारच्या वेगवान तंतूंच्या दुप्पट-तिप्पट असतो. संपूर्ण शरीरातल्या स्नायूंचा हिशेब धरला तर धडधाकट प्रौढात दोनशे ते तीनशे ग्रॅम चरबी अशी विखुरलेली असते. तो रोग नव्हे. मायटोकॉन्ड्रियाला (पेशीतल्या, इंधन जाळून ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्यांना) टेकून ठेवलेलं ते इंधन आहे. मध्यम गतीने तास-दीड तास चाललं, सायकल मारली की पहिल्या प्रकारचे तंतू त्यातूनच बरंच काही वापरतात.

आता वयाचा परिणाम. या विषयात ज्या अभ्यासाचा सर्वांत जास्त उल्लेख होतो तो येल विद्यापीठातल्या गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेला. वजनाने सडपातळ असलेले निरोगी वृद्ध आणि तसेच तरुण यांची त्यांनी चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआयसारख्या यंत्रात रसायनांचे संकेत वेगवेगळे मोजण्याच्या पद्धतीने) तुलना केली. वृद्धांच्या स्नायुतंतूतली चरबी सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली, यकृतातली त्याहून कितीतरी जास्त, आणि मायटोकॉन्ड्रियाचं काम सुमारे ४० टक्क्यांनी कमी. तेव्हापासून ‘वय झालं की मायटोकॉन्ड्रिया मंदावतात, म्हणून चरबी तुंबते, म्हणून इन्शुलिन चालेनासं होतं’ अशी सुटसुटीत साखळी रूढ झाली. साखळी चुकीची नाही, पण ती जेवढी सरळ सांगितली जाते तेवढी सरळ नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चित्र जास्त बोलकं दिसतं. बैठ्या वृद्धांच्या तंतूत थेंबांची संख्या फारशी वाढलेली नसते. थेंब मोठे झालेले असतात. शेजारचे मायटोकॉन्ड्रिया लहान झालेले असतात, आणि मायटोकॉन्ड्रियाला चिकटून असलेल्या थेंबांचं प्रमाण घटलेलं असतं. माझ्या मते ‘किती टक्के वाढ’ या आकड्यापेक्षा ही तीन निरीक्षणं महत्त्वाची.

थेंब मोठा झाला तर बिघडलं कुठे? साधं भूमितीचं गणित आहे. तेवढीच चरबी दुप्पट व्यासाच्या थेंबांत भरली, तर थेंबांची संख्या एक-अष्टमांश होते आणि एकूण पृष्ठभाग निम्मा. चरबी फोडणारी एन्झाइम थेंबाच्या आत शिरत नाहीत, पृष्ठभागावर बसून काम करतात. पृष्ठभाग निम्मा झाला की काम करायला जागाच निम्मी उरली. त्यात मायटोकॉन्ड्रिया दूर सरकलेले. म्हणजे सुटलेलं मेदाम्ल (चरबी फुटून निघणारा घटक) जळायच्या ठिकाणी पोहोचायच्या आधी पेशीरसात भटकणार.

थेंबातून चरबी सुटण्याची वाटही समजून घ्यायला हवी. ट्रायग्लिसराइडचा पहिला तुकडा एटीजीएल हे एन्झाइम पाडतं. त्याला चालना देणारं सहप्रथिन सीजीआय-५८, आणि लगाम घालणारं जी-झीरो-एस-टू. पुढचा तुकडा मुख्यतः एचएसएल पाडतं. सुटलेलं मेदाम्ल मायटोकॉन्ड्रियाच्या दारातून सीपीटी-१ आत घेतं. उलट दिशेने, म्हणजे साठवताना, शेवटची पायरी डीगॅट एन्झाइमची. थेंबावरच्या अस्तरातली पेरिलिपिन प्रथिनं यावर देखरेख ठेवतात. त्यांतलं पेरिलिपिन-५ थेंबाला मायटोकॉन्ड्रियाशी जोडून ठेवायला मदत करतं. या रांगेत कुठेही अडखळलं की अर्धवट तुटलेले तुकडे मागे राहतात: डायअॅसिलग्लिसरॉल, आणि बाजूच्या वाटेने बनणारं सेरामाइड. त्रास देतात ते हे. डायअॅसिलग्लिसरॉल पेशीपटलापाशी साठलं की प्रोटीन कायनेज-सी या एन्झाइमचे काही प्रकार जागे होतात आणि इन्शुलिनचा निरोप पहिल्याच टप्प्यावर अडतो. सेरामाइड तोच निरोप पुढे, एकेटी या प्रथिनाच्या टप्प्यावर दाबतं. यावर वाद अजून आहेत: कुठल्या लांबीचं सेरामाइड, पेशीत नेमक्या कुठल्या जागेचं डायअॅसिलग्लिसरॉल, यावर निष्कर्ष बदलतात. पण थेंबाच्या बंद डब्यातलं ट्रायग्लिसराइड स्वतः निरुपद्रवी आहे, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

‘खेळाडूंचा विरोधाभास’ म्हणतात तो इथे उलगडतो. २००१ साली हे नाव पडलं. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या तंतूत मधुमेहींइतकीच किंवा जास्त चरबी सापडते, आणि त्यांचं इन्शुलिन तर उत्तम चालतं. फरक जागेचा आणि उलाढालीचा. धावपटूच्या तंतूत थेंब लहान, पुष्कळ, पहिल्या प्रकारच्या तंतूंत, आकुंचन करणाऱ्या धाग्यांच्या मधे, मायटोकॉन्ड्रियाला लागून. रोज रिकामे होतात, रोज भरतात. मधुमेहीच्या तंतूत थेंब मोठे, पेशीपटलाच्या लगेच खाली, दुसऱ्या प्रकारच्या तंतूंतही. आणि ते हलतच नाहीत. बैठा म्हातारा स्नायू या दुसऱ्या चित्राकडे झुकतो, तोच स्नायू वापरात असेल तर पहिल्याकडे.

मग वयाचा स्वतःचा वाटा किती? तरुण-वृद्ध गट निवडताना शरीरातली एकूण चरबी आणि रोजची हालचाल जुळवून घेतली, तर दोन गटांतला फरक पुष्कळ आकसतो. दोन आठवडे चालणं दिवसाला दीड हजार पावलांच्या आसपास आणलं, तेवढ्यानेही वृद्धांची जेवणानंतरची इन्शुलिन-संवेदनशीलता घटते आणि पायांचा मांसल भाग कमी होतो. म्हणजे ‘वय’ म्हणून मोजलं जातं त्यात न चालण्याचे दिवस मिसळलेले असतात. उरतो तो खरा वयाचा भाग: मायटोकॉन्ड्रियाची गुणवत्ता, केशवाहिन्यांची घट, त्वचेखालच्या मेदपेशींची जास्तीची चरबी सामावून घेण्याची कमी झालेली कुवत.

एक फसवी गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती चांगल्या चांगल्या शोधनिबंधांतही दुर्लक्षित राहते. वयाबरोबर दुसऱ्या प्रकारचे तंतू जास्त बारीक होतात, पहिल्या प्रकारचे बऱ्यापैकी टिकतात. पहिल्या प्रकारात चरबी मुळातच जास्त. त्यामुळे एकाही तंतूत एकही थेंब वाढला नाही, तरी संपूर्ण स्नायूचं सरासरी प्रमाण वाढलेलं दिसतं. तंतूचा प्रकार वेगळा करून न मोजलेल्या आकड्यावर म्हणूनच फार विसंबू नये. स्त्री-पुरुष फरकाचंही तेच: स्त्रियांत हे प्रमाण सहसा जास्त असतं, आणि दोन्ही वयोगटांत स्त्री-पुरुष समान नसतील तर तुलनाच वाकडी होते.

ताकदीबद्दल. वृद्धांचे सुटे तंतू काढून तपासले तेव्हा जास्त चरबी असलेल्या तंतूंची, जाडीच्या मानाने ओढण्याची क्षमता कमी आढळली आहे. तरीही पायातलं बळ गेल्याचा दोष मुख्यतः तंतू बारीक होणं, चेतातंतूंचा पुरवठा तुटणं आणि तंतूंबाहेरची चरबी यांना द्यावा लागेल.

आता मोजमाप. चुका सगळ्यात जास्त इथे होतात, म्हणून इथे रेंगाळणं भाग आहे.

सीटी स्कॅनवर स्नायूची घनता हाउन्सफिल्ड एककात मिळते. ० ते ३४ म्हणजे चरबीयुक्त, ३५ ते १०० म्हणजे सर्वसाधारण स्नायू, आणि उणे १९० ते उणे ३० म्हणजे सरळ मेद, अशा हद्दी प्रचारात आहेत. कमी घनता म्हणजे चरबी आहे एवढंच कळतं. तंतूच्या आत की बाहेर, हे नाही.

सुई न टोचता आत-बाहेर वेगळं करणारी पद्धत एकच: प्रोटॉन स्पेक्ट्रोस्कोपी, वर आलेल्या चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपीचाच एक प्रकार. तंतूबाहेरची चरबी तंतूंना समांतर लांबट थरांत असते, आतली गोल थेंबांत. चुंबकीय क्षेत्रात दोघींचे संकेत एकमेकांपासून सुमारे ०.२ पीपीएमने (संकेताची जागा मोजण्याचं एकक) सरकतात. बाहेरचीचं शिखर १.५ पीपीएमजवळ, आतलीचं १.३ जवळ. हा फरक तंतू चुंबकाच्या अक्षाला समांतर असतील तरच नीट उमटतो. म्हणून नडगीच्या पुढच्या बाजूचा टिबियालिस अँटिरियर स्नायू सर्वांत सोयीचा. पोटरीतला सोलियस चरबीने समृद्ध, पण त्याचे तंतू तिरपे, शिखरं एकमेकांत मिसळतात. पाय किंचित जरी वाकडा ठेवला तरी निकाल बिघडतो. मोजायचा चौकोन साधारण एक-दोन सेंटिमीटर बाजूचा घेऊन दिसणाऱ्या मेदाच्या पट्ट्यांपासून लांब ठेवावा लागतो. वृद्ध स्नायूत अडचण हीच की पट्टे सगळीकडे असतात. बाहेरच्या चरबीचं रुंद शिखर आतल्या शिखरावर सांडतं आणि आतली चरबी फुगवून दाखवली जाते. वृद्धांच्या आकड्यांबाबत ही शंका कायम मनात ठेवावी. शिवाय आकडा बहुधा पाण्याच्या संकेताशी गुणोत्तर म्हणून दिलेला असतो, आणि स्नायूतल्या पाण्याची विभागणीही वयाबरोबर बदलते.

बायोप्सी (सुईने स्नायूचा तुकडा काढून तपासणं) जास्त विश्वासाची, पण ती हाताळण्यात बिघडते. नमुना बहुधा मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या व्हास्टस लॅटरॅलिस स्नायूतून, बर्गस्ट्रॉम सुईने, ५० ते १५० मिलिग्रॅम घेतात. भूल त्वचेत आणि आवरणात द्यायची, स्नायूत नाही. दिसणारी चरबी आणि संयोजी ऊती लगेच काढून टाकायच्या. हे का, ते आकड्यात बघा: ८० मायक्रोमीटरच्या एका मेदपेशीत मावणारी चरबी एक मायक्रोमीटरच्या पाच लाख थेंबांइतकी. एक मेदपेशी नजरचुकीने राहिली तरी रासायनिक मापनाचा आकडा निकामी होतो, आणि वृद्धांच्या नमुन्यात अशा पेशी जास्त सापडतात. रासायनिक मोजणी करायचीच असेल तर नमुना गोठवून वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू सुटे वेचून करावी.

रंगकाम करायचं असेल तर नमुना द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये झटकन गोठवतात. थेट नायट्रोजनमध्ये बुडवला तर भोवती वायूचं कवच बनून गोठणं मंदावतं, बर्फाचे स्फटिक होतात आणि तंतूत भोकं पडतात. अननुभवी डोळ्याला ती विरघळून गेलेल्या चरबीच्या जागा वाटतात. पॅराफिनचा ठोकळा इथे निरुपयोगी, कारण त्याच्या द्रावकांत चरबी धुऊन जाते. पाच ते दहा मायक्रोमीटरचे काप, फॉर्मल्डिहाइडने स्थिर केलेले, ऑइल रेड ओ किंवा बोडिपी ४९३/५०३ ने रंगवायचे. अल्कोहोलने निर्जलीकरण नको. पटल भेदणारा डिटर्जंट टाळा, तो थेंबांची मांडणी विस्कटतो. काच ग्लिसरॉलसारख्या पाणीदार माध्यमात बसवायची आणि वरून दाबायची नाही. दाबली की थेंब घसरतात, एकमेकांत मिसळतात, आणि ‘वृद्धांत थेंब मोठे’ हा निष्कर्ष आपल्याच अंगठ्याने तयार होतो. छायाचित्रं त्याच दिवशी.

वृद्ध स्नायूसाठी आणखी एक सापळा: लिपोफ्युसिन. हे वयाबरोबर साठणारं तपकिरी द्रव्य स्वतःच चमकतं, जवळपास सगळ्या रंगपट्ट्यांत, आणि आकारानेही थेंबासारखंच दिसतं. दर नमुन्याचा एक न रंगवलेला काप सोबत पाहिल्याशिवाय मोजणीला बसू नये. त्याची चमक मारायला सुदान ब्लॅक वापरतात, पण ते स्वतः चरबीचा रंग आहे. म्हणजे इथे उपाय नडतो.

पद्धत कुठलीही असो, आदल्या दोन-तीन दिवसांत माणसाने काय केलं त्यावर आकडा हलतो. दोन तासांच्या मध्यम व्यायामाने पहिल्या प्रकारच्या तंतूतली चरबी लक्षणीय उतरते. पुढचा आहार चरबीयुक्त असेल तर दिवसभरात भरून निघते, फार कमी चरबीचा असेल तर दोन दिवसांनंतरही पुरती भरत नाही. दोन-तीन दिवसांचा कडक उपवास मात्र ती वाढवतो, कारण रक्तात मेदाम्लांचा पूर येतो आणि स्नायू ती टिपून ठेवतो. म्हणून मोजमापाआधी ४८ तास जोरकस व्यायाम नाही, दोन-तीन दिवस ठरावीक आहार, रात्रभर उपाशीपोटी, आणि पुन्हा मोजताना वेळ, पाय, स्नायू सगळं तेच.

करायचं काय, हा भाग त्यामानाने सोपा. साठीतल्या बैठ्या, स्थूल लोकांना सोळा आठवडे मध्यम गतीचा व्यायाम करवला तेव्हा तंतूतलं ट्रायग्लिसराइड वाढलं, डायअॅसिलग्लिसरॉल आणि सेरामाइड घटलं, आणि इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली. केवळ आहाराने वजन उतरवलं तर ट्रायग्लिसराइड घटतं, आणि संवेदनशीलता तेव्हाही सुधारते. दोन विरुद्ध आकडे आणि निकाल एकच. म्हणून आतली चरबी ‘किती’ याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

व्यायाम असा: आठवड्यातले चार-पाच दिवस ३० ते ४५ मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या गतीने. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची आहे. चरबी जाळण्याचा वेग याच मध्यम पट्ट्यात सर्वांत जास्त असतो. सोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनांचा व्यायाम: मांड्या, नितंब, पाठ, छाती, दोन-तीन फेऱ्या, प्रत्येकीत ८ ते १२ वेळा, शेवटच्या दोन जड जाव्यात अशा वजनाने. तो वगळला तर दुसऱ्या प्रकारचे तंतू आणखी बारीक होतात, आणि चालण्याने ते परत मिळत नाहीत. गाडी अडते ती बहुधा एकाच ठिकाणी: तीन महिने छान चालतं, मग गुडघा दुखतो किंवा आजारपण येतं आणि सगळं थांबतं. पूर्ण थांबवू नका. बसल्या जागी पाय सरळ करणं, खुर्चीतून उठणं-बसणं तरी चालू ठेवा.

वजन उतरवायचं असेल तर सावकाश, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. नुसत्या आहाराने उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीविरहित भागाचा असतो. या वयात तो परत मिळवणं अवघड. प्रथिनं रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम, दिवसभरात विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. मालिश, कंपनपट्टे, ‘स्नायूतली चरबी वितळवणाऱ्या’ गोळ्या यांचा तंतूच्या आतल्या थेंबांशी काडीचाही संबंध नाही.

प्रगती मोजायला स्पेक्ट्रोस्कोपी नको. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते पाहा. १५ पेक्षा जास्त लागत असतील तर स्नायूदौर्बल्याचा संशय घेतात. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्तचाचणी) यांची जोड द्या. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा, त्याआधी फरकाची अपेक्षा धरू नका.

आणि हे सगळं वयाच्या खात्यावर टाकू नये अशी काही लक्षणं. काही आठवड्यांतच वाढत गेलेला अशक्तपणा, एकाच बाजूचा स्नायू झपाट्याने वाळणं, व्यायामानंतर किंवा उपाशी राहिल्यावर गडद रंगाची लघवी, किंवा रक्तात क्रिएटिन कायनेज (स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम) सतत वर. एटीजीएल किंवा सीजीआय-५८ यांच्या जनुकात दोष असला तर थेंब फुटतच नाहीत आणि तंतू चरबीने गच्च भरतात. असे आजार दुर्मीळ आहेत. त्यांत पांढऱ्या रक्तपेशींतही चरबीचे थेंब दिसतात, त्यामुळे साध्या रक्तकाचेवरूनच संशय घेता येतो. अशा वेळी चेता-स्नायू तज्ज्ञाकडे जावं, आणि जाताना जुना एमआरआय आणि औषधांची यादी, विशेषतः स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) किंवा स्टेरॉइड चालू असेल तर, सोबत न्यावी.